अक्काची परीक्षा आणि अण्णांचं पत्रक

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रक आलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानी मुनीम होते. पण त्यांचा खरा जीव पत्रकांत. निजामाच्या राज्यात ते सरहद्दीपलीकडच्या बार्शीकडून पत्रकं लपवून आणायचे, धोतराच्या निऱ्यांत. विलीनीकरण झालं, मग मराठी राज्याची चळवळ आली, तेव्हा उघडपणे बार्शीला छापून आणायला लागले. मी अक्षरं शिकले ती त्याच कागदांवर. 'अन्याय' हा शब्द मला 'आगगाडी'च्या आधी वाचता यायला लागला, आणि याचा मला अजून अभिमान आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, इंग्रजी शिकायला मात्र पत्रकं उपयोगाची नव्हती. शाळेतली उर्दू गेली, मराठी आली, पाचवीपासून इंग्रजी सुरू झालं, पण पुस्तकं सोलापूरहून यायची आणि ती कधीच पुरायची नाहीत. माझे दोघे भाऊ आणि अक्का एकाच वर्गात होते, कारण थोरला दादा नापास होत होत खाली आला होता आणि धाकटा हुशारीने वर चढला होता. घरात इंग्रजीचं पुस्तक एकच. शाळा सुटली की अण्णा ओसरीवर ते पुस्तक मांडायचे. भाऊ शेजारी शेजारी बसायचे, पुस्तकाचं तोंड त्यांच्याकडे. अक्का समोर बसायची, पलीकडच्या बाजूला. तिला सगळी अक्षरं डोक्यावर उभी दिसायची.

एकदा तिने विचारलं होतं, "अण्णा, मी बसू का तिकडं?"

"तुला दिसतंय की तिथनं. पोरांना नोकऱ्या करायच्यात."

तिला दिसायचं हे खरंच होतं. मॅट्रिकपर्यंत ती उलट्या बाजूने इतकं भरभर वाचायला लागली की दादा अर्ध्या ओळीत असताना तिचं पान संपायचं, आणि ती त्याचं मनगट बाजूला सारून पान उलटायची. तो चिडायचा, "ए भुते, थांब की!" सोलापूरला कॉलेजात गेल्यावरही ही सवय सुटली नाही. नीट धरून वाचता यायचं तिला, पण भरभर वाचायचं असलं की ती पुस्तक फिरवायची. हॉस्टेलातल्या मुली हसायच्या. ती म्हणायची, "हसा. मला पुस्तकं अशीच भेटली."

ती इंटर झाली त्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाने आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा ठेवल्याचं कळलं. अक्काला मातीचं शास्त्र शिकायचं होतं. आमच्या काळ्या रानात एका बांधावर ज्वारी डोक्याएवढी वाढते आणि पलीकडे गुडघ्याएवढी राहते, ते का, हे तिला लहानपणापासून विचारायचं होतं आणि सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. तिथे राहणं, खाणं, शिकणं सगळं विद्यापीठाकडून होतं. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. चांगलं येणाऱ्याला थेट प्रवेश. बाकीच्यांनी वर्षभर मुंबईला तयारीच्या वर्गात बसायचं, मग जायचं. अण्णा खूश होते. म्हणाले, "मुंबई काय अन् विलायत काय, बिनघोर जा. आमची पोरगी कुठं कमी न्हाय."

परीक्षा उस्मानाबादला, सरकारी विश्रामगृहात. आम्ही तिघं सकाळच्या एसटीने गेलो. अण्णा व्हरांड्यात थांबले आणि मुलीबरोबर कोणीतरी असावं म्हणून मला आत दाराशी स्टुलावर बसू दिलं. परीक्षक मुंबईचे होते. स्वच्छ कपडे, मऊ आवाज. वाईट माणूस वाटत नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते, कारण तसा वाटला असता तर मला एवढा राग आला नसता.

त्यांनी अक्काला समोर बसवलं, एक जाडं पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. अक्का घाबरली होती. घाबरलेला माणूस सवयीने वागतो. तिने पुस्तक घेतलं आणि फिरवलं.

साहेब आधी पुस्तकाकडे बघत राहिले. मग हसले. कोपऱ्यात बसलेला त्यांचा कारकूनही हसला.

"अहो बाई, पुस्तक असं धरतात," म्हणून त्यांनी ते तिच्या हातातून घेतलं, सरळ केलं आणि मिटून बाजूला ठेवलं.

अक्का इंग्रजीत म्हणाली, "सर, मला दोन्ही बाजूंनी वाचता येतं."

"पाठ केलंय वाटतं हे वाक्य?" साहेब कारकुनाकडे बघून मराठीत म्हणाले आणि समोरच्या कागदावर शेरा लिहायला लागले.

एक ओळही ऐकली नव्हती! ज्या कामासाठी सरकारी भत्ता घेऊन हा माणूस मुंबईहून आला होता, ते त्याने केलंच नव्हतं. पण अक्का टेबलाच्या पलीकडे बसली होती, जिथे ती आयुष्यभर बसत आली, आणि साहेबांचा कागद तिला आमच्या ओसरीवरच्या पुस्तकासारखाच दिसत होता. साहेब लिहीत होते तसतशी ती स्वच्छ इंग्रजीत मोठ्याने वाचायला लागली. अर्थ असा, की उमेदवाराला पुस्तक धरता येत नाही, अक्षरओळख संशयास्पद आहे, तयारीच्या वर्गात बसवावे.

साहेबांनी तळहाताने कागद झाकला.

"दुसऱ्याचं लिहिलेलं वाचता? गोपनीय असतं हे! घरी काही शिकवलं की नाही?"

"तुम्हाला माझं वाचन ऐकायचं होतं ना, सर? ऐकवलं."

मला वाटलं, आता तरी ते शेरा खोडतील. त्यांना काय दिसायचं राहिलं होतं? पण त्यांनी तळहाताच्या आडोशाने आणखी एक शब्द लिहिला आणि पुढच्या उमेदवाराला हाक मारली. तो शब्द अक्काने एसटीत सांगितला. 'उद्धट'. तळहात पुरला नव्हता.

कळंबपर्यंत अण्णा धुमसत होते. अक्का मात्र वाटेतल्या येरमाळ्यापर्यंतच शांत झाली होती. म्हणाली, "वर्षभर बसते की तयारीच्या वर्गात. जागा तर गेली न्हाय. पुढच्या साली जाईन." मला तिचा राग आला. लढायचं सोडून ही बसायला निघाली! आज कळतं, त्या गाडीत पुढचा रस्ता फक्त तिलाच दिसत होता.

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. बार्शीहून छापून आणलं आणि बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून स्वतः वाटलं. मथळा होता, 'मराठवाड्याच्या कन्येचा अपमान'. पत्रक जोरदार होतं, मीही वाटायला होते. सरकारने पुस्तकं पुरवली नाहीत म्हणून आमच्या मुलींना उलट्या बाजूने वाचावं लागलं, असं त्यात होतं. तयारीचा वर्ग ही आमच्या भागाची नाचक्की आहे, तिथे आमचं एकही लेकरू पाऊल ठेवणार नाही, असं शेवटी ठळक टायपात होतं. मोंढ्यातले हमालसुद्धा म्हणाले, "मुनीमजी, लई झ्याक लिवलंय."

संध्याकाळी अक्काने ते वाचलं. तिची ट्रंक आधीच भरलेली होती.

"अण्णा, मला मुंबईला सोडायला कवा येताय?"

अण्णांना प्रश्नच कळला नाही. "आता कसं जाशील? सबंध तालुक्याला सांगितलंय मी. तू तिथं जाऊन बसलीस, तर माझ्या पत्रकाला काय अर्थ राहिला?"

"तुम्ही मला विचारलं न्हाय."

"तुझ्यासाठीच लिहिलं की!"

"माझ्यासाठी लिहिलं, मग मला जाऊ द्या."

"लोक तोंडावर थुंकतील माझ्या."

भाऊ उठून ओसरीवर गेले. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत राहिली. मी बोलले. म्हणाले, "अण्णा, पुस्तकं कमी होती हे पत्रकात आलं. पण जे एक होतं, त्याचं तोंड कुणाकडं करून ठेवलं होतं, ते का न्हाय आलं?" त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही, कधीच उगारला नव्हता. नुसतं म्हणाले, "घरच्या गोष्टी येगळ्या असतात."

वर्ग सुरू झाला. अक्का गेली नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. अक्का आता इथेच शाळेत इंग्रजी शिकवते, आणि कोण कुठल्या बाजूला बसतं यावर तिची कडक नजर असते. चांगली शिक्षिका आहे असं लोक म्हणतात. त्याने माझं समाधान होत नाही. बांधाच्या दोन बाजूंना ज्वारी वेगळी का येते, हे तिला अजून माहीत नाही.

त्या साहेबावर माझा राग आहे, पण तो सोपा आहे. अन्याय हा शब्द ज्यांनी मला शिकवला, त्यांच्यावरचा जास्त जड आहे. अण्णा हे वाचतील तेव्हा म्हणतील, घरचं बाहेर कशाला मांडलंस? अण्णा, बाहेर तुम्हीच मांडलंत, भर बाजारात, ठळक टायपात. तुमच्या पत्रकात जे राहिलं तेवढंच मी लिहिलं आहे. आणि हे छापायला देण्याआधी मी अक्काला विचारलं आहे.