किबिरांगोचं बिनधुराचं सरपण

किबिरांगो आणि सेम्वेझी पहिल्यांदा भेटले ते एका बकरीच्या दोन टोकांना. बकरी दोघांचीही नव्हती. किबिरांगोच्या सांगण्यानुसार ही ओढाताण दुपारपर्यंत चालली, बघायला अर्धं मुकोनो गाव लोटलं आणि बकरी हातभर लांब होऊन घरी गेली. सेम्वेझी म्हणायचा, दोन हात. एवढा पराक्रम गाजवल्यावर दोस्ती होणारच. दोघांनी पोटावर ओरखडा काढला, कॉफीच्या एका फळातल्या दोन बिया एकमेकांच्या रक्तात बुडवून गिळल्या आणि सख्ख्यांहून सख्खे भाऊ झाले. अशा भावाने मागायची वाट बघायची नसते, आधीच द्यायचं असतं.

म्हणून किबिरांगोची कॉफीची झाडं उभ्याउभ्या वाळली, तेव्हा ती तोडून त्याने सायकलवर लादली आणि भावाच्या चुलीसाठी नेली.

"खडखडीत वाळलंय. धुराचं नाव नाही!" तो ऐटीत म्हणाला. सेम्वेझीने ते सरपण आपल्या कॉफीच्या मळ्यातच रचलं.

पुढच्या हंगामात सेम्वेझीची झाडं पिवळी पडली.

संशोधन केंद्रातून डॉक्टर नामुबिरू आली. दोन्ही मळ्यांतल्या बुंध्यांचे तुकडे तिने पिशव्यांत भरले.

"बुरशी आहे, जाजा," ती म्हाताऱ्या किबिरांगोला आजोबांच्या मानाने म्हणाली. "मातीतली साधी असेल, नाहीतर झाडं मारणारी मर. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या जुळ्या बहिणी दिसतात. डीएनए तपासावा लागेल."

"जुळ्यांचं मला सांगतेस? माझ्या जुळ्या पोरी मी नुसत्या शिंकेवरून ओळखतो!" मग किबिरांगोचा आवाज उतरला. "पोरी, माझी मर निघाली तर खुशाल निघू दे. त्याची तेवढी साधी निघू दे."

हेच मागणं तो चर्चमध्येही करू लागला. पाद्रीबाबांना वाटलं, म्हातारा सुधारला.

निकाल सांगायला नामुबिरूने दोघांना एका बाकावर बसवलं. दोन्हीकडे मरच होती, आणि अगदी एकाच जातीची.

"कुणाकडून कुणाकडे गेली, हे मात्र यात कळत नाही," ती घाईघाईने म्हणाली.

"त्याला तपासणी कशाला? सायकल मीच ढकलत होतो," किबिरांगो पुटपुटला.

सेम्वेझी हसला. "फळ वाटून खाल्लं, आता रोगही वाटून घेतला."

"एखादी शिवी तरी दे रे."

"वेडा आहेस का? रक्ताच्या भावाला शिवी देत नाहीत."

किबिरांगो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. शिवी आलीच नाही.

दोघांनी उरलेले खुंट आणि झाडं उपटून जागच्या जागी जाळली. बुरशी मातीतही उरली होती, तिथे लगेच पुन्हा कॉफी लावता येणार नव्हती; सेम्वेझी जमीन विकून जिंजा शहरात लेकीकडे राहायला गेला. त्याच्या मळ्यात आता वीटभट्टी आहे.