काकाजींचा कबुलीजबाब

जगातली बहुतेक माणसं निर्दोष असतात, यावर मनापासून विश्वास असलेला मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे माझे चुलतसासरे. आम्ही सुना त्यांना काकाजी म्हणायचो. मलकापूरच्या कचेरीसमोर लिंबाखाली सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, कचेरीतले हुकूम नागपूरहून यायचे, आणि आपल्याला विचारल्याशिवाय त्यातला एकही निघत नसावा अशा थाटात काकाजी ते वाचायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. फौजदारी कायद्याची दोन जाडजूड पुस्तकं, एक गुन्हे कोणते ते सांगणारं आणि दुसरं खटला कसा चालवायचा ते सांगणारं, एवढाच त्यांचा संसार. जेवताना त्यातलं एक मांडीवर असेच. कोणत्या पानावर ताक सांडलंय हे ते कलमाच्या आकड्यासकट सांगू शकत. खोट्या मजकुराचा अर्ज मात्र त्यांनी जन्मात लिहिला नाही. तसा आग्रह धरणाऱ्याला ते आधी पाणी पाजत आणि मग सतरंजीवरून उठवत.

घरात कायद्याशिवाय पान हलत नसे. एकदा मांजरीनं दूध सांडलं म्हणून सासूबाई लाटणं घेऊन धावल्या, तर काकाजी दारात आडवे. "दूध सांडलेलं तुम्ही पाह्यलं, वयनी. सांडताना कोणं पाह्यलं?" शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावलं, चुलीपासून पातेल्यापर्यंतचं अंतर वितीनं मोजलं, पंचनामा लिहिला. पंचांना चहा करावा लागल्यानं उरलेलं दूधही संपलं आणि मांजर पुराव्याअभावी सुटली. बाजारात कुणाचा पायावर पाय पडला, तर कळ दाबून ते आधी विचारायचे की यामागे काही हेतू होता काय. नव्हता म्हटलं की समाधानानं लंगडत घरी येत. थोरल्या जावेच्या लेकीनं त्यांचा चष्मा विहिरीत टाकला तेव्हाही ते तिला रागावले नाहीत. सात वर्षांखालच्या लेकराच्या हातून गुन्हा घडूच शकत नाही, असं म्हणत महिनाभर भिंती चाचपत फिरले. पण ज्या दिवशी ती सात वर्षांची झाली, त्या दिवशी औक्षण होताच तिच्या पाटासमोर बसून गंभीरपणे म्हणाले, "आजपासून जपून राह्यजो, बाई. आता सरकार तुले ओळखते." पोरगी भोकाड पसरून रडली. सासूबाईंना ते पाठीमागे फौजदार म्हणत, आणि फौजदारापुढं दिलेली कबुली पुराव्यात धरत नाहीत, हा नियम आम्हा सुनांना त्यांनी पाठच करून घेतला होता. त्या एका नियमानं आमची कितीतरी फुटलेली भांडी पचली.

माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती. उन्हाळा नुकता लागला होता. एका दुपारी परसातली कडब्याची गंजी पेटली. वर्षाचा चारा गेला, गोठ्याचं छप्पर गेलं. वासराचा दोर कापायला आणखी जरा उशीर झाला असता तर तेही गेलं असतं. गंजीला लागूनच उकिरडा होता आणि चुलीतली राख त्या दुपारी मीच तिथं टाकली होती. राखेत निखारा होता का, मला आठवेना. सासूबाईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचं ओरडणं थांबावं म्हणून मी म्हटलं, हो, माझ्याच हातून झालं. मग त्यांना आठवलं की आठच दिवसांपूर्वी त्यांनी मला बहिणीच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं. झालं. हिनं मुद्दाम आग लावली, असं ठरलं. उद्याच हिला साखरखेर्ड्याला माहेरी पोचती करायची. पुन्हा आणायला कुणी येणार नव्हतं, हे न सांगताही सगळ्यांना कळत होतं. माझा नवरा आईसमोर मान खाली घालून बसला होता. मी फक्त काकाजींची वाट पाहत होते.

ते दिवेलागणीच्या आधी कचेरीतून आले. सगळं उभ्यानंच ऐकून घेतलं. परसात जाऊन काठीनं राख उकरून पाहिली, हातपाय धुतले आणि ओसरीवर आले. सासूबाईच म्हणाल्या, "बसा भाऊजी. चालवा तुमचा खटला."

"हा खटला मले चालवता येत नाही," काकाजी म्हणाले.

मांजरीचाही खटला चालवणारा माणूस माझा चालवायला नाही म्हणत होता.

"काऊन?" सासूबाईंनी विचारलं.

"आपल्याच खटल्यात आपल्याले न्यायाधीश होता येत नाही, वयनी. गंजी माह्या हातानं पेटली."

मग अर्जाचा मजकूर सांगावा तशा आवाजात त्यांनी सांगितलं की दुपारी ते मागच्या दारानं आले होते, वहिनीसमोर ओढता येत नाही म्हणून गंजीआड बसून बिडी ओढली आणि न विझवताच टाकली. हेतू नव्हता, निष्काळजीपणा होता. द्यायची ती शिक्षा द्यावी. या दिराला सासूबाईंनी लेकरासारखं वाढवलं होतं. पदर डोळ्यांना लावून त्या आत गेल्या, आणि माहेरचा विषय तिथंच मिटला.

शिक्षा काकाजींनी स्वतःच ठरवली. लेखणीहून जड काही न उचललेला तो माणूस उन्हाळाभर रोहिणखेडच्या नातेवाइकांच्या शेतातून गाडीनं कडबा आणत होता आणि गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून पेंढ्या डोक्यावर वाहत होता. बाजारपेठ हसायची. पण हे काहीच नव्हतं. शिक्षा झालेल्या माणसानं न्यायाला बसू नये म्हणून त्यांनी घरातले खटले कायमचे बंद केले. मांजरीला त्यानंतर सरळ लाटणं बसू लागलं, आणि काकाजी पुस्तक तोंडासमोर धरून ते पाहत नसल्यासारखं करायचे.

महिन्याभरानं कचेरीतले म्हातारे चपराशी घरी आले होते. आम्ही त्यांना शेखजी म्हणायचो. आगीचा विषय निघाला तसे ते सहज बोलून गेले, "त्या रोजी तर काकाजी माह्याजवळच बसेल होते, कचेरी बंद होयेपर्यंत. जेवालेही उठले नाही." ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. मी दारामागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. काकाजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शेखजींना दुसरंच काही विचारलं.

मी कधीच काही बोलले नाही. आभार मानायचे तर त्यांचा खोटेपणा उघडा पाडावा लागला असता. पुष्कळ वर्षांनी, ते अंथरुणाला खिळले असताना, पेज भरवता भरवता माझ्यानं राहवलं नाही.

"काकाजी, त्या दिवशी राखेत निखारा होता का नाही, मले खरंच माहीत नाही."

"मंग? मले तरी कुठं माहीत आहे," ते म्हणाले. "पेज थंडी होऊन राह्यली."

मी चमचा पुढं केला, त्यांनी तोंड उघडलं. त्यानंतर ते आठच दिवस होते. तेवढ्यात मी त्यांना आणखी कितीतरी विचारू शकले असते. आता एखाद्या दुपारी घरात कुणी नसलं की मी मनातल्या मनात ते एकेक विचारत बसते.