स्टिअरिंगवरचं लाल बटण

माझं नाव देत नाही, गावाचंही नाही. कर्जत आणि खालापूरच्या मधलं, रेल्वेगाडीचा भोंगा शेतात ऐकू येतो असं गाव, एवढं पुरे. या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. साजगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. एखादं पॅनल सारखं ट्रिप व्हायला लागलं की लोक नारळ आणायचे, मी मल्टीमीटर आणायचो. कुठेतरी लूज कनेक्शन असायचंच, आणि ते सापडायचंच... आज मी जे लिहितोय ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर त्यालाही हसलो असतो.

नोकरी सोडल्यावर मी प्लॉट दाखवायच्या धंद्यात पडलो. मुंबईची माणसं कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या बाजूला जागा बघायला येतात, त्यांना फिरवायचं. त्यासाठी नवी गाडी घेतली. मोठी स्क्रीन, ब्लूटूथ, स्टिअरिंगवर फोनची दोन बटणं - हिरवं उचलायला, लाल कापायला. गाडीत बसलं की मोबाइल आपोआप जोडला जायचा. एकदाही अडचण आली नव्हती.

माझा थोरला भाऊ, दादा, घरची शेती बघायचा. त्याला हळू बोलणं माहीत नव्हतं. एकदा एक जोडपं मागच्या सीटवर असताना त्याचा फोन आला. मी हिरवं दाबलं, आणि सगळ्या स्पीकरमधून दादा -

"कुठं उंडारतोस रं? त्या पाहुण्यांना सांगितलंस का, विहिरीला मार्चनंतर पाणी नाय म्हणून? नायतर मागनं माझ्या नावानं बोंब मारतील."

जोडपं हसलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं, कुणीतरी खरं बोललं." व्यवहार गेला. संध्याकाळी मी दादावर चिडलो तर तो म्हणाला, "मग गाडीत कशाला लाउडस्पीकर लावलास? लग्न हाय का कुनाचं?"

तेव्हापासून गाडीत गिऱ्हाईक असलं की दादाचा फोन मी लाल बटणाने कापायचो. नंतर सावकाश लावायचो. तो वाईट वाटून घ्यायचा नाही.

भातकापणीचे दिवस होते. सकाळचे साडेअकरा. गाडीत तिघं जण होते, सौदा जवळजवळ ठरलेला. स्क्रीनवर आलं - दादा. मी लाल बटण दाबलं. लगेच परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मागून एक जण म्हणाला, "घ्या की, अर्जंट असेल." मी म्हणालो, "भाऊ आहे माझा, त्याला वेळ जात नाही." आणि कापला.

कापलेल्या भाताखाली घोणस होती. दादाच्या घोट्याला चावली होती.

मला कळलं तेव्हा एक वाजून गेला होता. दवाखान्यात पोचलो तर वहिनी बाहेर बाकावर बसलेल्या, पायाला चिखल तसाच. त्यांनी मान वर केली. "फोन लागला नाय का भावजी?"

मी म्हणालो, "नवीन गाडी आहे वहिनी. मोबाइल गाडीला कनेक्टच होत नव्हता. रिंग कळलीच नाही."

त्यांनी मान हलवली. चार वाजता दादा गेला. पुढे जो कोणी भेटायला आला त्याला मी हेच सांगितलं - ब्लूटूथ, कनेक्शन, नव्या गाड्या. इतक्या वेळा सांगितलं की लोकच मला समजावायला लागले.

तेराव्यानंतर पहिल्यांदा गाडी काढली, आणि मोबाइल कनेक्ट झाला नाही.

मी हसलोसुद्धा, एकटाच. पेअरिंग केलं. कोड आला, जुळला, 'जोडले' असं दिसलं, आणि दोन सेकंदांत गेलं. वीस-पंचवीसदा केलं. सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या इंजिनियरचा फोन एका झटक्यात लागला, माझ्या बायकोचा लागला. माझा नाही. त्याने सॉफ्टवेअर अपडेट मारला, सगळी मेमरी पुसली. मी नवा मोबाइल घेतला. तोही नाही. इंजिनियर म्हणाला, "काका, गाडी ओके आहे, मोबाइल ओके आहे. मग राहिलं कोण?" थट्टेत म्हणाला बिचारा. मी किल्ली घेऊन निघालो.

नंतर एका सकाळी मी एकटाच पळसदरीकडून येत होतो. मोबाइल खिशात, त्याचं ब्लूटूथ बंद. गाडीला काहीही जोडलेलं नव्हतं. साडेअकराच्या सुमारास स्पीकरमध्ये रिंग वाजली. स्क्रीनवर - दादा.

गाडीचं फोनबुक पुसलेलं होतं. हे नाव तिथे असायला जागाच नव्हती. दादाचा हँडसेट वहिनींच्या कपाटात, बॅटरी काढून ठेवलेला, नंबर कधीच बंद झालेला. हे सगळं डोक्यात चालू असतानाच दुसरी रिंग वाजली, आणि स्टिअरिंगवरचं लाल बटण आत गेलं.

माझे दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला होते. बटण बोटाने दाबल्यासारखं आत गेलं, टिक् आवाज झाला, बाहेर आलं. फोन कट. परत रिंग. परत टिक्. तीनदा. मी ते बघत होतो... मी तेव्हा कसं केलं होतं, ते कुणीतरी मला करून दाखवत होतं.

नंतरही हे झालं, दर वेळी त्याच सुमारास. मी सकाळी गाडी काढणंच सोडलं. बायकोला सांगितलं नाही, कारण बटणाचं सांगायचं तर कापलेल्या फोनचंही सांगावं लागलं असतं, आणि ते वहिनींपर्यंत गेलं असतं. त्यांना कळू नये एवढ्यासाठीच मी जगत होतो म्हटलं तरी चालेल.

पण त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीला खोपोलीला जायचं होतं. लवकर निघू, दहाला परत येऊ असा हिशोब केला. डॉक्टरच उशिरा आले. परतताना वहिनी पुढे, माझ्या शेजारी. रिंग वाजली.

वहिनींनी स्क्रीनकडे पाहिलं. औषध घातलेले डोळे बारीक करून नाव वाचलं. टिक्, कट. परत रिंग.

"उचला ना भावजी," त्या हळू म्हणाल्या. "त्यांचाच हाय."

टिक्. त्यांनी ते बटण पाहिलं. माझे हात पाहिले.

मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. तीन फोन, तीनदा कापले, कनेक्शनचं खोटं. मग समोर बघतच वहिनी म्हणाल्या, "त्यांनी पयला फोन मला केलता. म्हनाले, जनावर चावलं, तू घाबरू नको, धाकट्याला लावतो, तो गाडी घेऊन येईल. शेजारचे टेंपो काढीत होते. मीच म्हटलं, राहू द्या, टेंपोत धक्के बसतील. भावजी निघाले असतील."

किती वेळ वाट पाहिली ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

खरं बोललं की सुटका होते असं मला वाटलं होतं. पुढच्याच आठवड्यात, मुद्दाम, साडेअकराला मी अंगणातच गाडीत बसलो. रिंग वाजली. या वेळी मी अंगठा तयार ठेवला होता. लाल बटण आत जायच्या आधी हिरवं दाबलं.

आधी नुसता वारा, वाळलेल्या भातात होतो तसा. मग धाप. मग अगदी हळू, दादा आयुष्यात कधी बोलला नाही इतका हळू -

"निघालास का रं?"

स्क्रीनवर कॉलचे सेकंद चालू होते. चौदा, पंधरा... तो थांबला होता. मग माझाच अंगठा लाल बटणावर गेला. या वेळी तो माझा होता, हे मला पक्कं माहीत आहे.

गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवलीय. मल्टीमीटर घेऊन एकेक वायर तपासली, कुठेही काही नाही. कारण सापडलेलं नाही, आणि मी आता शोधतही नाही.

वहिनींपासून मात्र लपवलं नाही. त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मग तुमी काय म्हनालात?"

"काहीच नाही."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "पुढल्या येळेला म्हना, येतोय म्हनून."

गेलेल्या माणसाला येतोय म्हणायचं, म्हणजे काय, हे वहिनींना कळत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. निवडत राहिल्या.