निशाच्या डबीतला रेडिओ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दुकानात रोज येऊन बसणाऱ्या दोस्तांजवळही नाही. बोलायला गेलो की मध्येच दुसऱ्याच विषयावर घसरतो — आताही घसरेन अशी धास्ती आहे. तुम्ही ऐकून घ्या, एवढंच.

परळीत माझं स्पीकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. गिटारवाले पायानं दाबतात ना, ती पेडलची डबीही मी बनवतो. दाबली की गिटारचा सूर जाड, खरखरीत होतो. कंपनीच्या डबीपेक्षा माझी कुठंच कमी नाही, असं मी येईल त्याला सांगायचो. सांगायचो कसलं — मिरवायचो.

निशा आमच्याच गल्लीतली. तिच्या मामाची भीमगीतांची गायन पार्टी होती. कोरसला बाया होत्या, पण वाद्य वाजवणारी ही एकटीच — गिटार. मामाला ते फारसं पसंत नव्हतं. पण पोरगी वाजवायचीच अशी, की त्याला गप्प बसावं लागायचं. तिनं माझ्याकडं डबी मागितली. मला वेळ नव्हता का? होता. डबीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून अर्थिंगला जोडायची, गिटारची वायर आत शिरते तिथं एक बारीक कपॅसिटर टाकायचा — एवढं केलं की हवेतला रेडिओ आत घुसत नाही. मी नुसती प्लॅस्टिकची डबी घेतली. पट्टी नाही, कपॅसिटर नाही. आणि तपासताना — हे मला सांगायलाच हवं — आत कुणीतरी बोलल्यासारखं मला ऐकू आलं होतं. अगदी बारीक. मी आवाज कमी केला आणि डबी देऊन टाकली.

जयंतीचा कार्यक्रम सिरसाळ्याला होता. आवाजाच्या मिक्सरवर मीच. संध्याकाळची वेळ, मैदान भरलेलं, आईवरचं गाणं चाललेलं. त्यात एका जागी सगळे थांबायचे आणि एकटी गिटार वाजायची. निशानं डबी दाबली. तिनं तार छेडायच्या आतच स्पीकरमधून एक माणूस संथपणे सोयाबीनचे बाजारभाव सांगायला लागला.

लोक हसले. आधी पुढची पोरं, मग बाया, मग सगळं मैदान. निशा तारांवर हात ठेवून नुसती उभी. तिचा आवाज बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं — मी ते केवढ्या उशिरा दाबलं.

स्टेजमागं मामानं आम्हा दोघांना उभं केलं. मला म्हणाला, "कावून बोलायला लागली ही डबी?"

एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "डबी ठीक हाय, मामा. हिचा मोबाइल चालू असंल खिशात."

मोबाइलनं स्पीकर टर्र-टर्र करतो. बाजारभाव सांगत नाही. मला हे पक्कं माहीत होतं. तिथं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं — त्याच भरवशावर तर बोललो ना मी?

"बंद केलता मी, दादा," निशा म्हणाली. मग खिशावर हात नेत, "केलता वाटतं."

इथं थांबलो असतो तर भ्याला बिचारा, असं तुम्ही म्हणाला असता. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी तपासतो म्हणून डबी तिच्या घरून आणली. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. आतून पट्टी चिकटवली, अर्थिंग जोडलं, कपॅसिटर टाकला. बाहेरून तीच डबी, तोच ओरखडा. मग मामाच्या अंगणात अख्ख्या पार्टीसमोर ती लावून दाखवली. डबी चिडीचूप. म्हणालो, "मी डबीला हातबी लावला न्हाई. बघा तुमीच." मामा निशाकडं बघत होता. निशा डबीकडं.

कळतंय ना मी काय केलं? दुरुस्तीच मी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली.

मामानं तिच्या जागी कीबोर्डवाला घेतला. बाईमाणसाला स्टेजवर भान राहत नाही, हे त्याचं बोलणं मी नंतर कितीदा ऐकलं — शेजारी बसून, मान हलवत. निशानं गिटार विकली. डबी परत द्यायला दुकानात आली तेव्हा म्हणाली, "दादा, माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं असतं." मी डबी ठेवून घेतली. पुढच्या गिऱ्हाइकाला विकलीसुद्धा.

मधल्या काळात सांगायला निघालो नाही असं नाही. तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जायचो. मग चप्पल शिवायची आठवण व्हायची, कुणाचा तरी फोन यायचा — काहीही चालायचं मला परतायला.

यंदा बीडहून येताना मांजरसुंब्याला धाब्यावर थांबलो, तर ती समोर. लग्न झालेलं, नवरा सोबत. तिनंच हाक मारली. नवऱ्याला म्हणाली, "ह्येच ते दादा. चूक माझी होती, पण ह्यांनी नंतर कधी बोलून दाखवली न्हाई." तो बिचारा हात जोडून हसला.

मामा तिथं नव्हता. घाई नव्हती. तिचा नवरा सोडला तर ऐकणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ दे गं. होतं असं कधी कधी."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतकी वर्षं ती ह्याच शब्दांची वाट बघत असावी. नवऱ्यानं चहा सांगितला. मी त्यांच्यासोबत बसलो, चहा पूर्ण प्यायलो, आणि त्यांची गाडी निघाली तेव्हा हात हलवला.