मॉक ड्रिलचा पेशंट

खोट्या पेशंटसाठी खऱ्या पेशंटला बाहेर बसवणारं हॉस्पिटल तुम्ही पाहिलंय का? ऑइलपेंटचा वास आला की मला आमच्या तालुक्याचं सरकारी रुग्णालय आठवतं. मोठी साथ आली तर ते कितपत तयार आहे, हे तपासायला मी मावशीला तिथे नेलं त्या दिवशी नाशिकहून पथक येणार होतं. भिंती अजून ओल्या होत्या, दारात रांगोळी होती. दम्याने घुसमटलेल्या मावशीला मी रिक्षातून उतरवलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. आत ऑक्सिजनच्या एकुलत्या एका खाटेवर धडधाकट वॉर्डबॉय मास्क लावून पेशंटचं सोंग घेऊन पडला होता. "ताई, मॉक ड्रिल हाय, साहेब येतीलच. बाकावर बसा," नर्स म्हणाली. "अहो, तिचा जीव चाललाय!" "चादर चुरगळंल ना, आत्ताच घातलीय!" मी त्या वॉर्डबॉयला दंडाला धरून खाली ओढलं, मावशीला झोपवलं आणि नर्सकडून तिला मास्क लावून घेतला. तेवढ्यात पथकाचे साहेब आले, तिची धाप पाहून म्हणाले, "वा, बाई ॲक्टिंग छान करतात," आणि पूर्ण गुण देऊन चहाला गेले. मावशी वाचली, पण त्या शाबासकीची मला आजही शिसारी येते. तुमच्या गावच्या रुग्णालयात अशी तपासणी असेल त्या दिवशी तिथे जा, आणि बाकावर बसवलेल्या पेशंटला आधी आत घ्यायला लावा.