लेकीची तलासरीतली मॅच

गेल्या वर्षी मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि यंदा ती पुन्हा कॉलेजच्या फुटबॉल टीममधून खेळू लागली. तिची मॅच बघायला मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून डहाणूहून तलासरीला गेले. पण मला एका जागी बसवेना. ती पळाली की मी उठायची, कोणाला धडकली की डोळे मिटायची. शेवटी तीच रेषेजवळ येऊन म्हणाली, "आई, बस ना गं. तुला बघून मलाच भीती वाटते."

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या टीमची एक मुलगी पडली. तिला बाहेर आणलं तेव्हा घोटा सुजत चालला होता. कोणी न सांगताच मी तिच्याजवळ गेले आणि घोट्यावर बर्फ धरून बसले.

"घरचं कोणी आलंय का?"

"नाय. आई घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला गेली," ती म्हणाली. "घरी कळलं तर खेळणं बंद होईल." तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

तेवढ्यात मागे मोठा ओरडा झाला. मी वळून बघितलं, तोवर आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

परतताना एसटीत मुलीने विचारलं, "माझा गोल कसा होता?"

"मी बघितलाच नाही. त्या मुलीजवळ होते."

आशागडच्या आसपास लेक म्हणाली, "तिला घरी कोण घेऊन गेलं?"

ते मी विचारलंच नव्हतं.