नीरेवरचे पाव

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत सासूबाई सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या आणि गिरगावातल्या आमच्या घरात दिवसभर मी आणि सासरे असे दोघेच उरलो. नवरा सकाळी मोर्चाला जायचा तो दिवेलागणीनंतरच उगवायचा.

लग्न आम्ही आपापलं ठरवून केलं होतं. मी लालबागची, गिरणीकामगाराची मुलगी. सासरचं घराणं जुनं मुंबईकर, आणि सासरे अबकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला घरात घेतलं, पण माझ्या हातचं खायचं नाही आणि माझ्याशी बोलायचं नाही, असा पण केला होता. अगदीच गरज पडली तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायचे. "दार वाजतंय," असं त्यांनी कॅलेंडरला सांगितलं की मी दार उघडायचं. सासूबाई होत्या तोवर हे खपून गेलं. त्या गेल्यावर मात्र सासरे दोन्ही वेळा पलीकडच्या वाडीत धाकट्या बहिणीकडे जेवायला जाऊ लागले, आणि ते मला फार लागलं. घरात धडधाकट सून असताना म्हातारा माणूस ताटासाठी उन्हातून जातो, हे सगळी वाडी बघत होती.

घरी ते फक्त चहा घ्यायचे, तोही स्वतः करून, आणि त्याबरोबर बेकरीचा पाव. त्या पावाला कोणाकोणाचे हात लागले याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. सोवळं काय ते माझ्यापुरतं!

मग हरताळ आला आणि बेकऱ्या बंद झाल्या. चहाचा घोट घेऊन ते रिकाम्या बशीकडे असे बघत बसायचे, की माझा राग कुठच्या कुठे जायचा. म्हटलं, पाव घरीच करू. पाव म्हणजे काही पोळी नव्हे. माझ्या हातचं न खाण्याचा पण पावाला लागू होतो की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.

पण खमीर आणायचं कुठून? आई सांगायची, "गावाक पाववाले पिठात माडी घालीत. माडी पडली काय पीठ फुगान वर येता." दारूबंदीच्या मुंबईत माडी कुठली मिळायला! नीरा मात्र मिळायची, आणि ती टिकत नसल्यामुळे नीरावाला हरताळातही सकाळी अर्धी फळी उघडून हंडा रिकामा करायचा. मी तांब्याभर आणली आणि गॅलरीत उन्हाला ठेवली. दुपारपर्यंत तिला छान फेस आला. वासाचं विचारू नका.

मैद्यात ती नीरा, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं तूप घालून मी पीठ तिंबत होते, तेवढ्यात सासरे वामकुक्षी आटोपून उठले. आयुष्यभर अबकारीत काढलेलं नाक ते.

"या घरात ताडीचा वास येतोय," ते कॅलेंडरला म्हणाले.

"नीरा आहे म्हणावं," मीही कॅलेंडरलाच सांगितलं. "जरा उन्हात राहिली."

"नीरा उन्हात राहिली की तिला काय म्हणतात, ते मला कोणी शिकवू नये. एक तुरुंगात आहेच, आता दुसरीही जाणार."

पण तांब्या काही त्यांनी मोरीत ओतला नाही. उलट खुर्ची स्वयंपाकघराच्या दारासमोर ओढून घेतली आणि पेपर उघडून बसले.

पीठ खरंच फुगलं. मी गोळे करून सासूबाईंच्या कोबी-बेसनाचं भानोलं भाजायच्या पातेल्यात एकमेकांना खेटून लावले, आणखी थोडे फुगू दिले, आणि त्या करायच्या तसंच खाली शेगडी, वर झाकणावर निखारे ठेवले. ताडीचा वास गेला आणि भाजल्या पावाचा घमघमाट सुटला. बुडं मात्र करपली. मी ती सुरीने खरवडली, पाव बशीत घालून त्यांच्या चहाशेजारी ठेवले आणि दाराआड उभी राहिले.

मग त्यांनी एक पाव मोडला, आत बघितलं, चहात बुडवला. दुसरा घेतला. मग तिसराही. मला वाटलं, चला, पाव तेवढा चालला, पुढचं कठीणच.

दिवे लागायच्या सुमारास आतेसासूबाई दारात आल्या. "दादा, येतोस ना? पानं घेतेय."

सासऱ्यांनी खुंटीवरची टोपी काढली. थोडा वेळ हातात धरली आणि परत खुंटीला लावली. मग वळून सरळ माझ्याकडे बघितलं.

"तू काय केलंयस जेवायला?"

"कुळथाची पिठी आणि भात," मी म्हणाले. दुसरं काही केलंच नव्हतं. माझ्या माहेरचं रोजचं जेवण ते, त्यांच्या बहिणीकडच्या पानात कधी न पडलेलं.

"वाढ," ते म्हणाले.

आतेसासूबाई दारातच थांबल्या. मी पाट मांडला, ताट वाढलं, आणि त्यांनी पहिला घास घेईपर्यंत मला मान वर करून बघवलं नाही.